तळटीप ७ : बर्डीवरची ‘९९९९९९ इन १’ कॅसेट

७. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची प्लास्टिकची कॅसेट. १९९० च्या दशकात नागपुरात सीताबर्डीसारख्या बाजारांत मिळणारी, अशा कॅसेटी चालवणारी यंत्रे बहुधा निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या (१९८३) विनापरवाना नकला असत. कॅसेटच्या यादीत लाखो खेळ दिसत; प्रत्यक्षात मोजकेच असत. ‘कॉन्ट्रा’सारखा एकच खेळ कधी पुढच्या टप्प्यापासून, कधी जादा लाइफ देऊन नव्या क्रमांकाखाली येई. परवान्याबाहेरच्या या दुनियेचे टोक म्हणजे कौलून कुरोसावा या टोपणनावाच्या जपानी लेखकाचा ‘हाँगकाँग ९७’ (१९९५) हा गेम. गेम-उद्योगाची टर उडवायला तो मुद्दाम भिकार बनवला होता: गाण्याचा एकच तुकडा अखंड वाजतो आणि हरल्यावर पडद्यावर खऱ्या मृतदेहाचे चित्र येते. तेव्हा तो फारसा खपला नाही. पुढे इंटरनेटमुळे जगभर गाजला. मात्र त्या चित्रातला माणूस कुणाच्या तरी घरचा होता, याचा विसर पडू नये. मुलांनी जीव लावून खेळलेल्या बर्डीवरच्या कॅसेटींची मात्र फारशी कुणी नोंद ठेवली नाही. ज्यांच्या माळ्यावर त्या अजून असतील, त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. खेळांच्या याद्या उतरवून ठेवाव्यात. — संपादक