काढलेल्या कड्या

जुन्या मनगटी घड्याळाचा इतिहास सांगताना यंत्राविषयी, तबकडीविषयी पुष्कळ लिहिले जाते. पट्टा मात्र उपेक्षित राहतो. वास्तविक मालकाशी सर्वांत निकटचा संबंध पट्ट्याचाच. एकाच नमुन्याची यंत्रे सारखी असतात. पट्टा मात्र एका विशिष्ट मनगटासाठी कमी केलेला असतो.

1950-60 च्या दशकांतील रोलेक्सचा पोलादी ‘ऑयस्टर’ पट्टा याचे बोलके उदाहरण होय. जिनिव्हातील ‘गे फ्रेर’ (स्थापना 1835) ही मुळात साखळ्या घडविणारी पेढी. रोलेक्सचे अनेक पट्टे तिने घडविले, आणि 1998 मध्ये रोलेक्सने ती पेढीच विकत घेतली. या पट्ट्याच्या कड्या पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. कडेला रिव्हेटची टोके दिसत. माप बदलायचे तर प्रथम बकलाच्या छिद्रांतून स्प्रिंगची दांडी पुढेमागे सरकवावयाची. तेवढ्याने न भागल्यास कडी काढावयाची. काढलेली कडी खणात पडे आणि कालांतराने हरवे. पुढे वारसाचे मनगट रुंद निघाले की शोध सुरू होई.

हा शोध सोपा नाही. 20 मिलिमीटर रुंदी जुळली तरी केसला भिडणाऱ्या शेवटच्या तुकड्याची वक्रता जुळेलच असे नाही. म्हणूनच त्या तुकड्यांवर निरनिराळे क्रमांक असत. 1970 च्या दशकात भरीव कड्यांचे पट्टे आले, पण त्यांची कडी जुन्या पोकळ पट्ट्याच्या उपयोगाची नाही.

येथे प्रश्न पाठचिकित्सेचा होतो. त्या काळी बकलाच्या आतील बाजूस तिमाही आणि वर्ष ठोकलेले असे. समजा, घड्याळ 1962 चे आणि बक्कल 1967 चे निघाले. पुष्कळ संग्राहक त्यास अशुद्ध मानतात आणि ‘योग्य’ सालाचे बक्कल मिळवून बसवितात. आमच्या मते हे शुद्धीकरण नव्हे, हा प्रक्षेप होय. ते ‘चुकीचे’ बक्कल निदान एवढे सांगत होते की 1967 मध्ये वा त्यानंतर हे घड्याळ कोणाला तरी दुरुस्त करून वापरावेसे वाटले. शिवाय नवे बक्कल दुसऱ्या एखाद्या घड्याळाचे काढलेले असते. म्हणजे एक इतिहास सजविण्यासाठी दोन इतिहास तोडले जातात.

कड्या जरूर शोधाव्यात. घड्याळ अखेर मनगटावर शोभते. मात्र जे काढले ते फेकू नये. कोणता भाग केव्हा बदलला याची चिठ्ठी लिहून ती काढलेल्या भागांसह डबीत ठेवावी. पुढच्या वाचकाला मूळ पाठ आणि आपली दुरुस्ती, दोन्ही वेगळी ओळखता आली पाहिजेत.