दार उघडण्याआधीची मेगुमी

लहानपणी वडिलांचं बोट धरून मी गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या पाहायला जायचो. पाठ मातीला लागली की पैलवान चितपट, खेळ खलास, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं होतं. पुढे खेळांच्या इतिहासाचा नाद लागला आणि एकदा मेगुमी फुजी या जपानी खेळाडूच्या लढतींची चित्रफीत पाहायला मिळाली. लहानपणचा तो नियम इथे कामाचाच नव्हता. या खेळात पाठ टेकली म्हणजे लढत संपत नाही. खाली पडलेल्यानं वरच्याचा हात दोन्ही मांड्यांत आवळून कोपर उलटा ताणला, तर वरचाच हार पत्करतो. हार पत्करायची ती हातानं थोपटून. 'आर्मबार' म्हणतात ती ही पकड. मेगुमी तिच्यात वाकबगार होती.

ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू असं सगळं एकत्र चालणाऱ्या या खेळाला 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' म्हणतात. त्याची सगळ्यात मोठी अमेरिकी स्पर्धा 'यूएफसी' १९९३ साली डेन्व्हर इथे सुरू झाली. तिच्यात बायकांची पहिली लढत झाली ती २३ फेब्रुवारी २०१३ रोजी. रोंडा राउझी या अमेरिकी मुलीनं लिझ कारमूशला आर्मबारनंच हरवलं. दोन वर्षांपूर्वीच या स्पर्धेच्या प्रमुखांनी, आमच्याकडे बायका कधीच लढणार नाहीत, असं सांगून टाकलं होतं. त्यामुळे राउझीचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण बायकांच्या या खेळाचा इतिहास तिथून सुरू झाला असं कुणी म्हटलं, की मला मेगुमी आठवते.

जपानमध्ये बायकांच्या अशा लढती १९९५ सालीच टोकियोत झाल्या होत्या. डिसेंबर २००० मध्ये तिथेच आणखी एक मोठी स्पर्धा झाली आणि ती नेदरलँड्सच्या मार्लूस कूनेन या १९ वर्षांच्या मुलीनं जिंकली. त्यातूनच पुढे 'स्मॅकगर्ल' ही केवळ बायकांच्या लढती भरवणारी संस्था उभी राहिली.

मेगुमीचा जन्म २६ एप्रिल १९७४ चा, ओकायामाचा. वडिलांमुळे ती अगदी लहानपणीच ज्युदोच्या चटईवर आली. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पदकं मिळू लागली ती १९९२ साली, बार्सिलोनात. तेव्हा मेगुमी १८ वर्षांची होती. ज्युदोमागून ती रशियन साम्बो शिकली, ब्राझिलियन जुजुत्सू शिकली. स्मॅकगर्लमध्ये पहिली लढत लढली ऑगस्ट २००४ मध्ये. वय ३०. या वयात आपल्याकडे खेळाडूला निवृत्तीचं विचारायला लागतात.

श्रोतेहो, स्मॅकगर्लचा त्या काळातला एक नियम मुद्दाम सांगतो. दोघी जमिनीवर गेल्या, की तिथल्या झटापटीला फक्त ३० सेकंद मिळत. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर पंच दोघींना उठवून उभं करत. जिची सगळी विद्या जमिनीवरची, तिच्यासाठी हा नियम म्हणजे गवयाला आलापीपुरती अर्धी मिनिट देण्यासारखं. मेगुमीनं तक्रार करण्यात वेळ घालवला नाही. ती लवकर पकडायला शिकली. पहिल्या लढतीपासून पुढची सहा वर्षं ती एकदाही हरली नाही. सलग २२ विजय. 'मेगा मेगु' हे टोपणनाव जपानबाहेरही पोचलं.

२०१० साली 'बेलाटर' या अमेरिकी संस्थेनं ५२ किलो वजनगटात बायकांची स्पर्धा भरवली. मेगुमी तेव्हा ३६ वर्षांची होती. ऑगस्टमध्ये तिनं कार्ला एस्पार्झा हिला आर्मबारनं हरवलं. एस्पार्झा तेव्हा नवखी होती, हे मान्य करायला हवं. पण हे नाव लक्षात ठेवा. ऑक्टोबरात अंतिम लढतीत मेगुमीची गाठ झोइला फ्राउस्टोशी पडली. तीनपैकी दोन पंचांनी फ्राउस्टोच्या बाजूनं कौल दिला आणि मेगुमीच्या खात्यावर पहिला पराभव लागला. २०१२ साली अमेरिकेच्याच जेसिका अ‍ॅग्विलारनं तिला गुणांवर हरवलं.

५ ऑक्टोबर २०१३ रोजी टोकियोत तिची निरोपाची लढत ठरली. समोर पुन्हा अ‍ॅग्विलार. दुसऱ्या फेरीत अ‍ॅग्विलारचं बोट चुकून मेगुमीच्या डोळ्यात गेलं. लढत थांबवावी लागली आणि तोवरच्या गुणांवर निकाल अ‍ॅग्विलारच्या बाजूनं गेला. कारकीर्द संपली : २६ विजय, ३ पराभव. तिन्ही पराभव पंचांच्या कागदावरचे. नऊ वर्षांत तिला कुणी ठोशानं झोपवलं नाही की कुणी थोपटायला लावलं नाही.

आता तारखा पाहा. राउझीनं यूएफसीचं दार उघडलं ते ६१ किलोच्या गटात. मेगुमीचा ५२ किलोचा गट सुरू करत असल्याचं यूएफसीनं जाहीर केलं डिसेंबर २०१३ मध्ये. तिच्या निरोपाला जेमतेम दोन महिने झाले होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्या गटाची पहिली विजेती ठरली कार्ला एस्पार्झा. चार वर्षांपूर्वी मेगुमीसमोर थोपटून हार मानलेली तीच.

यात कुणी कुणाचं काही हिरावून घेतलं, असं मला म्हणायचं नाही. एस्पार्झानं आपला पट्टा घाम गाळून मिळवला. पण 'पहिली महिला' हा मान पुष्कळदा दार उघडतं त्या दिवशी उंबऱ्याशी जी उभी असते, तिला मिळतो. तोवर ज्या बायकांनी छोट्या सभागृहांत, अर्धवट नियमांत, वय वाढत असताना खेळ जिवंत ठेवला, त्यांचं नाव त्या पानावर येत नाही. बायकांना हा खेळ झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला राउझीच्या आधी कुणीतरी २२ लढती जिंकून ठेवलेल्या होत्या.

मेगुमीच्या हाताखाली तयार झालेल्यांत अयाका हामासाकी ही एक. २०१५ साली ती अमेरिकेतल्या 'इन्व्हिक्टा' या बायकांच्या स्पर्धेची विजेती झाली. ३१ डिसेंबर २०१८ रोजी सैतामा इथे तिनं जपानच्या 'रिझिन' स्पर्धेचा बायकांचा पट्टा जिंकला. शेवटची पकड कोणती होती, हे तुम्ही ओळखलं असेलच. आर्मबार.

हल्ली कुठल्याही क्षेत्रात 'पहिली महिला' असं वाचलं, की मी आधी साल बघतो. मग त्याच्या मागची दहा वर्षं चाळतो. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी सापडतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)