खळ, नीळ आणि पाठीतली सुई

हुबळीचं किम्स असो (1957 सालचं कर्नाटक मेडिकल कॉलेज) की सांगली-कोल्हापूरकडचं इस्पितळ, कंबरेखालच्या ऑपरेशनला बहुधा पाठीत सुई देऊनच भूल देतात. ऑगस्ट बिअरनं ही रीत 1898 साली कोकेन वापरून सुरू केली. भूल दोन-तीन तासांत उतरते आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. म्हणून आपल्याकडे भुलीच्या बुपिव्हॅकेनमध्ये पुष्कळदा थेंबभर ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक मिसळतात. एक मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये 300 मायक्रोग्रॅम असतं, लागतं साधारण 60. मग 100 युनिटांची इन्सुलिन सिरिंज घ्यायची आणि 20च्या रेघेपर्यंत ओढायचं. एवढ्यावर रात्र बरीचशी निभावते. मळमळ आणि श्वास यांवर मात्र लक्ष हवं. मॉर्फिनही चालतं, पण ते बाळगायला परवाने आणि नोंदवह्यांचा व्याप मोठा.

ब्युप्रेनॉर्फिन आलं खळ-निळीच्या घराण्यातून, आणि हे कळल्यापासून मला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आयझॅक रेकिटनं 1840 साली इंग्लंडातल्या हल गावी खळीचा कारखाना घेतला, पुढे नीळ आली. आपल्या धोतरांना लागलेली रॉबिन ब्लू त्याच घरची. मोहरीवाल्या कोलमनशी सोयरीक जुळून रेकिट अँड कोलमन झालं आणि 1966 साली त्यांच्या प्रयोगशाळेत जॉन लुइस यांच्या हाती ब्युप्रेनॉर्फिन लागलं.

काहींच्या मते हे हत्ती-गेंड्यांना बेशुद्ध करणाऱ्या एटॉर्फिनचं शेंडेफळ. मला हे पटत नाही. केनेथ बेंटली यांच्या गटानं 1960च्या सुमारास एटॉर्फिन केलं हे खरं, आणि दोन्हींचं मूळ अफूतल्या थिबेइनमध्ये आहे हेही खरं. पण शोध माणसाच्याच वेदनेवरचा होता, मॉर्फिनचा गुण घेऊन त्याचे दोष टाळण्याचा. एटॉर्फिन मॉर्फिनच्या हजारपटीहून जहाल निघालं, माणसाला देण्याजोगं उरलं नाही, म्हणून जनावरांकडे गेलं. शिवाय 1948 पासून डिस्प्रिन विकणाऱ्या घराला दुखणं हा धंदा नवा नव्हता. 1978 साली ब्युप्रेनॉर्फिन बाजारात आलं तेही वेदनाशामक म्हणूनच. व्यसन सोडवण्यासाठी त्याचा वापर नंतरचा.

थिबेइन स्वतः वेदना शमवत नाही, जास्त झालं तर झटके आणतं. असल्या द्रव्यातून दुखण्यावरचा उतारा काढला, हे बेंटली-लुइस यांचं मोठं काम. ती अफू कुठली? माझा कयास गाझीपूरचा. कायदेशीर अफूचा चीक जगाला विकणारा देश तेव्हा मुख्यतः भारतच होता आणि ब्रिटनचे औषध कारखाने त्याचे जुने गिऱ्हाईक होते.