आरमाराचा तोल : शिडे, सांगाडा आणि शनिवारवाडा

शनिवार पेठेत राहणाऱ्यास समुद्राची आठवण सहसा होत नाही. तथापि सन १७३२ मध्ये ज्याची वास्तुशांत झाली त्या शनिवारवाड्यातील मसलतींनी कोकणच्या किनाऱ्याचे भवितव्य ठरविले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाखाली जळाले. त्या राजकारणाची चर्चा आपल्या घरांतून पुष्कळ होते. परंतु जळालेली जहाजे कशी होती, हे क्वचितच विचारले जाते. ज्ञातिबांधवांपुढे तेवढाच विषय ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जहाजावर दोन शक्तींचा झगडा चाललेला असतो. वारा शिडांस ढकलतो, पाणी बुडालेल्या अंगास अडविते. वाऱ्याच्या दाबाचा मध्य पाण्याच्या विरोधाच्या मध्याहून फार मागे पडला, तर नाळ वाऱ्याकडे वळू पाहते. फार पुढे गेला, तर ती वाऱ्यापासून दूर फिरते. दोन्ही वेळी सुकाणूवरील मनुष्य थकतो व वेग मोडतो. तोच मध्य फार उंच गेला, तर जहाज कलते. म्हणून जुन्या सांगाड्यावर नव्या तऱ्हेची शिडे चढविणे हे केवळ कापड बदलण्याचे काम नव्हे.

आमच्या आरमारापुढे हाच प्रश्न होता. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबांचे वर्णन केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात थोडी बुडणारी, आणि पुढे भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांसारखे टोक काढलेली. समोरच्या लाटांत ती फार आपटे. म्हणून त्या टोकास कठडा ठेवीत नसत, की वर आलेले पाणी आपोआप वाहून जावे. निमुळत्या टोकाखाली भार पेलणारे पाणी थोडे. तेथे उंच काठीचे ओझे घालणे धोक्याचेच.

गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांहून अधिक. त्याच्या मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे. मागची काठी अगदी हलकी. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या अधिक जवळून चालते. परंतु जहाज मोठे झाले, की एवढे शीड व त्याची लांब काठी आवरणे अशक्यप्राय होते. मोठ्या गुराबांवर युरोपीय धर्तीची चौकोनी शिडे आली, ती अनेक तुकड्यांत विभागून आवरता येत. मात्र अशी शिडे वाऱ्याच्या तोंडावर दुबळी, आणि उथळ सांगाडा बाजूस वाहून जाणारा. ही उणीव आंग्र्यांनी दोहोंच्या जोडीने भरून काढली. वारा पडला, की गलबते वल्ही मारीत गुराबांस ओढून नेत. आणि शत्रूच्या पिछाडीस राहून प्रथम त्याच्या डोलकाठ्यांवर मारा होई. आपल्या जहाजाचे मर्म ज्यांस कळले होते, त्यांस शत्रूचेही कळले.

सन १७४६ मध्ये पिएर बुगेर या फ्रेंच पंडिताने शिडांच्या दाबाचे व जहाजाच्या तोलाचे गणित ग्रंथात मांडले. आमच्या सुतारांचे, कोळ्यांचे व भंडाऱ्यांचे ज्ञान हातांत राहिले. विजयदुर्गास पेशव्यांच्या आरमारात ते पुढेही जगले. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, हे त्याचे प्रमाण होय. सन १८१८ नंतर मात्र त्या हातांचा राजाश्रय गेला.

मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य' हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून उभारले गेले. चित्रात जहाजाचे रूप होते, माप नव्हते. म्हणून त्याच्या नमुन्याची मद्रासच्या आय.आय.टी.त पाण्यात परीक्षा करावी लागली. हरवलेले ज्ञान पुन्हा मिळविणे किती कष्टाचे, हे यावरून दिसते.

मसलती वाड्यात झाल्या. तोल मात्र बंदरावर साधला गेला. आपल्या ज्ञातीतील जी घराणी घाट चढून आली, त्यांच्या रुमालांत जहाजाच्या लाकडाचा, शिडाच्या कापडाचा किंवा सुतारांच्या मजुरीचा एखादा हिशेब अजून असेल. तो रद्दीत न जावा, एवढीच आमची विनंती. ज्यांच्या हातांनी हे आरमार तरले, त्यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.