पोहरा नव्हे, आड पाहा

जुन्या रॉक अल्बमचा पन्नाशीचा बॉक्स सेट निघाला की गिऱ्हाइकापुढे तीन-चार पर्याय येतात: सीडी, एल्पी, ब्लू-रे, नाहीतर २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची हाय-रेझोल्यूशन फाइल. शौकिनांचा रूढ सल्ला ठरलेला आहे. कानाची कदर असेल तर एल्पी घ्या, ती नको तर हाय-रेझ; सीडी तोकडी, तिच्यात संगीताचा जीव जातो. हा सल्ला आता इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही.

पूर्वपक्ष असा. सीडीचे मानक १९८० सालचे. त्यात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. मूळ फितीवरची लहर अखंड होती, सीडीने तिचे तुकडे केले. नमुने वाढवले की मधल्या फटी बुजतात, आणि रेकॉर्डच्या खाचेत तर लहर अखंडच असते. युक्तिवाद देखणा आहे, पण पायातच कच्चा आहे. ध्वनीतल्या सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की लहर जशीच्या तशी परत उभी राहते, असे नमुन्यांचे गणित सांगते. मधे फट उरतच नाही. सीडीत सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे मावते. तरुण, निरोगी कान २० किलोहर्ट्झला थांबतो. आणि हे बॉक्स सेट हौसेने घेणाऱ्या साठीतल्या रसिकाचा कान त्याच्या बऱ्याच अलीकडे.

बिटांचेही तेच. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर राखता येते, २४ बिटांत कागदावर १४४. पण १९७०च्या सुमाराची स्टुडिओतली फीत स्वतःच्या सुस्काऱ्यासकट साधारण ६० ते ७० डेसिबेलच देई. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मुद्रण आणि संस्करण करताना २४ बिट उपयोगी पडतात, कारण चुकीला वाव राहतो. घरी ऐकताना तो वाव रिकामाच जातो. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) तर मुळातच १६ बिटांच्या डिजिटल फितीवर मुद्रित झाला. एल्पीच्या बाजूत मावावीत म्हणून त्यातली काही गाणी कापावी लागली. सीडीवर ती अधिक लांब आहेत.

गणितावर विश्वास नसेल तर चाचणी पाहा. मेयर आणि मोरान या दोघा प्रयोगकर्त्यांनी २००७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्या वाजत असताना मधेच तो आवाज सीडीच्या मानकातून गाळून घेतला जाई, आणि श्रोत्याने फरक ओळखायचा. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के. छापा-काटा केला असता तरी एवढेच जमले असते. प्रतिपक्षाच्या हाती एक पुरावा आहे, तो लपवणे बरे नव्हे. संशोधक जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत त्याहून जास्त. फरक अगदीच शून्य नाही, हे मान्य. पण ज्याला रात्र आणि दिवसाची उपमा देतात तो हा फरक नव्हे.

मग इतक्या जाणत्यांना फरक ऐकू येतो, तो भास म्हणायचा का? नाही. फरक खरा असतो, त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची २००३ची हायब्रिड एसएसीडी घ्या. एकाच तबकडीत दोन थर, एक एसएसीडीचा आणि एक सीडीचा. मोजून पाहिले तेव्हा सीडीच्या थरावर जास्त कॉम्प्रेशन चढवलेले निघाले, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर अधिक दाबलेले. दोन्ही थर ऐकणारा अर्थातच म्हणणार की सीडी हरली. हरले ते मास्टरिंग, म्हणजे तबकडी निघण्याआधीचे शेवटचे संस्करण. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची (२००८) सीडी कर्कश म्हणून गाजली, आणि त्याच गाण्यांचा मोकळा आवाज सापडला तो ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये! तेव्हा शौकिनांनी गेमलाच श्रेष्ठ माध्यम म्हणायला हवे होते.

एल्पीच्या भक्तांची परीक्षा २०२२ साली झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या अनेक रेकॉर्ड शुद्ध अॅनालॉगचा आदर्श म्हणून नावाजल्या जात होत्या. त्या बनवताना मधे डिजिटल पायरी होती आणि तशी ती कित्येक वर्षे होती, हे त्या साली उघड झाले. तोवर कुणाच्या कानाला ती खुपली नव्हती.

आता मंडन. बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ सीडीवरच तीन रूपांत मिळतो: २००९चा मोनो, २००९चा स्टीरिओ आणि जाइल्स मार्टिन यांनी २०१७ साली केलेले नवे मिश्रण. मोनोतले ‘शीज लीव्हिंग होम’ स्टीरिओपेक्षा जलद आणि अर्ध्या स्वराने चढे आहे. हा फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून पेटी घेताना आधी विचारायचे ते हे: रीमास्टर आहे की रीमिक्स, कोणाच्या हातचा, कोणत्या फितीवरून, आणि आवाज ठासून मोठा केला आहे की चढउतार राखले आहेत. माध्यमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी येतो: ५.१ किंवा अॅटमॉसचे सभोवती फिरणारे मिश्रण सीडीत मावत नाही, त्याला ब्लू-रेसारखे माध्यम हवे, आणि घरी तेवढे स्पीकरही हवेत. एल्पी मोठ्या मुखपृष्ठासाठी, सुई टेकवण्याच्या सोहळ्यासाठी जरूर घ्यावी; तो आनंद खराच, फक्त त्याला आवाजाचा पुरावा म्हणू नये.

लेड झेपेलिनच्या २०१४च्या मोठ्या पेट्यांत तोच रीमास्टर सीडी, एल्पी आणि ९६ किलोहर्ट्झची फाइल अशा तिन्ही रूपांत होता. आड एक, पोहरे तीन, आणि पैसे तिन्हींचे. मास्टरिंग चांगले असेल तर सीडी पुरते. ते वाईट असेल तर १९२ किलोहर्ट्झही त्याला वाचवत नाही.