पंच-इन आणि आईची ओवी



बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नाही, त्याचं कारण सांगतो. गेले दोन महिने मी दृष्टिहीन मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करतो आहे. घरातच, पंखा बंद करून, खिडकीला जाड चादर लावून. चौतीस वर्षं वर्गात वाचलं, यात काय अवघड, असं वाटलं होतं. पण माइकसमोर बसलं की जीभ अडखळते. परवा तर मी पेशवाई १८१८ ऐवजी १८८१ साली बुडवली! विसावं मिनिट चालू होतं. कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो, तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, सगळं कशाला परत वाचताय? पंच-इन करा ना."

पंच-इन म्हणजे आधीचं रेकॉर्डिंग ऐकत ऐकत नेमक्या जागी रेकॉर्डिंगमध्ये शिरायचं आणि चुकलेला भाग नव्याने भरायचा. भरून झालं की बाहेर पडायचं, ते पंच-आउट. मी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात, चुकीच्या आधी जिथे मी श्वास घेतला होता तिथे नातीने कर्सर ठेवला. आधीची पाच सेकंदं माझाच आवाज कानात वाजला, त्यामुळे लय सापडली, आणि त्या जागेपासून रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं. सांधा कळू नये म्हणून तिथे जुना आवाज मावळतो आणि नवा उगवतो, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. पेशवाई पुन्हा १८१८ साली बुडाली. मी हुश्श केलं.

ही सोय ऑडॅसिटीत २०१८ साली आली, पण कल्पना बरीच जुनी आहे. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडेना.

सुरुवातीला चुकीला माफीच नव्हती. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, समोर मेणाची तबकडी फिरते आहे, वेळ जेमतेम तीन मिनिटं. चूक झाली की ती तबकडी बाद. नवी लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे माइक आला, वाद्यवृंद आला, तरी फार फरक पडला नाही. 'महल' (१९४९) मधलं ते प्रसिद्ध गाणं आठवा. आवाज लांबून जवळ आल्यासारखा वाटावा म्हणून लताबाई दुरून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या. त्या काळी गायक आणि वादक सगळे एकत्रच मुद्रित होत. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याचा हात घसरला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

टेप आल्यावर चित्र बदललं. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन हे टेपयंत्र लोकांसमोर आलं. महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकन सैनिकाने अशी दोन यंत्रं आपल्या देशात नेली. १९४७ पासून बिंग क्रॉस्बी या गायकाचा रेडिओ कार्यक्रम आधी टेपवर मुद्रित होऊन मग प्रसारित होऊ लागला. टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडता येत होती. चूक कापून फेकता येते हे माणसाला तेव्हा कळलं.

पण कापणं वेगळं आणि चालू टेपवर भरणं वेगळं. इथे लेस पॉल या गिटारवादकाचं नाव घ्यावं लागतं. एकाच टेपवर आवाजाचे थर चढवत जायचं तंत्र त्याने वापरलं. १९५१ साली पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह त्याने गाजवलेलं 'हाऊ हाय द मून' तसंच बनलं आहे. त्यात धोका असा, की नवा थर चढवताना जुना थर नव्यात मिसळून जाई आणि मूळ पुसलं जाई. दहाव्या थराला चूक झाली की आधीचे नऊही गेले! १९५७ साली अँपेक्स कंपनीने त्याला आठ ट्रॅकचं यंत्र दिलं. आता प्रत्येक आवाजाची पट्टी वेगळी. एकाच पट्टीवर, हव्या त्या जागी शिरून दुरुस्ती करता येऊ लागली. बाकीच्या सात पट्ट्यांना धक्का नाही.

तरीही टेपवरचं पंच-इन म्हणजे दोरीवरची कसरतच. टेपयंत्रात आधी पुसणारं हेड असतं आणि त्याच्यापुढे लिहिणारं. नवं लिहायचं तर जुनं पुसूनच. बटन उशिरा सोडलं तर पुढची चांगली ओळही गेली, आणि गेली ती कायमची. म्हणून गायक श्वास कुठे घेतो हे तंत्रज्ञाला पाठ असावं लागे.

१९९१ साली प्रो टूल्स आलं, तेव्हा फक्त चार ट्रॅकचं. संगणकावर मोठा फरक हा झाला की नवा आवाज जुन्यावर लिहिण्याची गरज उरली नाही. नवी फाइल वेगळी साठते. कोणत्या क्षणी कोणती फाइल वाजवायची याची फक्त यादी बदलते. पंच-इन चुकलं तर सांधा मागेपुढे सरकवता येतो, कारण जुनं खाली जसंच्या तसं असतं. माझ्या वाचनाच्या पद्धतीत मात्र कर्सरच्या पुढचं जातं. 'अनडू' केलं तर परत येतं, पण काम बंद करून उठलं की तेही नाही. नातीने बजावलंय, "आबा, आधी कॉपी करून ठेवा."

हे ऐकलं आणि मी गप्प झालो.

१९८४ च्या दिवाळीत मी गावी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पहाटे, जात्याच्या घरघरीसकट. पुढच्या महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. टेपरेकॉर्डर तपासायचा म्हणून मी आतली कॅसेट न बघताच बटन दाबलं आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." अकरा सेकंदं. त्या अकरा सेकंदांखाली एका ओवीच्या दोन ओळी गेल्या. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खिट्टी तोडली असती तर रेकॉर्डचं बटन दाबलंच गेलं नसतं. मी तोडली नव्हती.

आईला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "त्यात काय रे, परत म्हणते की." मीही निर्धास्त झालो. मग शाळा, परीक्षा, बदली. आई १९९१ साली गेली. ते परत म्हणणं राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात ती कॅसेट संगणकावर उतरवली. नात म्हणाली, "आबा, ते हॅलो काढून टाकू? नाहीतर मोठ्या आजीला त्या ओळी म्हणायला सांगू आणि पंच-इन करू. सांधा कळणारसुद्धा नाही."

मोठी आजी म्हणजे आमची आक्का. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला फोन लावला. तिला पहिली ओळ आठवली, दुसरी काही केल्या आठवेना. जेवढी आठवली तेवढी तिने फोनवरच म्हटली. आवाज थरथरत होता, पण चाल अगदी आईची. नातीने ती लगेच रेकॉर्ड केली.

मी ती आईच्या आवाजात मिसळू दिली नाही. आक्काची ओळ खालच्या ट्रॅकवर, बरोबर त्या जागी ठेवली आहे. वर माझं हॅलो तसंच आहे. उद्या कुणी ऐकलं तर आई कुठे थांबते, मी कुठे शिरलो आणि आक्काने काय भरून दिलं, हे त्याला कळायला हवं. गाण्यात सांधा लपवावा, तो कारागिरीचा भाग आहे. मुलांच्या पुस्तकातही लपवावा. पण हा आमच्या घरचा कागद आहे, यात खाडाखोड नको.

असो. आता घरच्या मंडळींना एक विनंती. ओवी रामाच्या वनवासाची आहे, सीता नदीच्या काठी पाण्याला जाते तिथली. माझ्या मावसबहिणींनी, मामेभावांनी, कुणीही आईच्या तोंडून ती ऐकली असेल आणि दुसरी ओळ आठवत असेल, तर फोन करा. अर्धीमुर्धी आठवली तरी चालेल. खालच्या ट्रॅकवर जागा रिकामी ठेवली आहे.

आणि घरात जुन्या कॅसेटी असतील तर आजच त्यांच्या खिट्ट्या तोडा.