जागा नसलेले गाव

गाण्याच्या ओढीने माणसांचे एक गाव वसावे आणि त्या गावाला भूमी मात्र नसावी, हे गेल्या काही दशकांतील एक नवलच म्हटले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद उदयास आला. त्याने सुमारे २,३०० जलसे केले. पण एका जलशातले गाणे दुसऱ्यात तसेच कधी वाजले नाही. ख्यालगायकाचा कालचा यमन आज ऐकावयास मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार. हुकलेल्या जलशाची हळहळ असणारे रसिक मग टेपरेकॉर्डर घेऊन जाऊ लागले. या वाद्यवृंदाने त्यांना हाकलून तर दिले नाहीच, उलट १९८४ साली त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखून ठेविली. अट एवढीच, की फितींचा विक्रय होता कामा नये. कोरी फीत आणि परतीचा टपालखर्च पाठवावा व कोणा अनोळखी माणसाने नक्कल करून धाडावी, असा तो विश्वासाचा व्यवहार होता.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘वेल’ नावाची संगणकीय चर्चासभा निघाली. टेलिफोनच्या तारेने संगणक जोडून लोक तीत लिहीत. या रसिकांनी तेथे लवकरच ठाण मांडले. संस्थेच्या आरंभीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा फार मोठा होता. कोणत्या रात्री कोणते गाणे कितवे झाले, याचा काथ्याकूट करता करता माणसे परस्परांची सुखदुःखेही विचारू लागली. ९ ऑगस्ट १९९५ रोजी प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया निवर्तले, तेव्हा अनेकांनी आपला शोक तेथेच मोकळा केला.

पुढे हजारो ध्वनिमुद्रणे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विनामूल्य संग्रहालयात आली. सोय झाली खरी. परंतु फितीसाठी कोणाशी तरी ओळख करून घ्यावी लागे, ते निमित्त संपले. गावाचा बाजार झाला, असेच कोणालाही वाटले असते.

तसे झाले नव्हते. नोव्हेंबर २००५ मध्ये वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनाने ही मुद्रणे उतरवून घेण्यास बंदी केली. रसिक खवळले, निषेधपत्रावर सह्या झाल्या, बहिष्काराची भाषा निघाली. गाणे कलावंतांचे हे खरेच, पण ते जपले होते श्रोत्यांनी. ज्येष्ठ वादक फिल लेश यांनी, आपणास या निर्णयाची कल्पना नव्हती, असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत तडजोड झाली : श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पूर्ववत् खुली झाली आणि ध्वनियंत्रणेवरून थेट घेतलेली केवळ ऐकण्यापुरती राहिली.